रंक्स-१ : रक्ताच्या जन्मापासून ल्युकेमियापर्यंत

शिकागोच्या संशोधक जॅनेट राऊली गुणसूत्रांची छायाचित्रं कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवत बसत. १९७२ मध्ये तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांत त्यांना एक अदलाबदल दिसली : आठव्या आणि एकविसाव्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले गेले होते. एकविसाव्यावरची ही मोडतोड ज्या जनुकात होते, ते जपानी संशोधकांनी १९९१ मध्ये शोधलं. आज त्याला रंक्स-१ म्हणतात.

त्यापासून बनणारं प्रथिन हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर आहे. म्हणजे डीएनएवर ठरावीक जागी बसून ते इतर जनुकं चालू-बंद करतं. १९९६ मध्ये उंदरांच्या गर्भात या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी केल्या, तेव्हा ते गर्भ साडेबाराव्या दिवसाच्या सुमारास रक्तस्राव होऊन दगावले. सुरुवातीच्या तात्पुरत्या लाल पेशी त्यांच्यात होत्या. आयुष्यभर रक्त पुरवणाऱ्या मूलपेशी मात्र जन्मल्याच नव्हत्या. एरवी गर्भाच्या महाधमनीच्या अस्तरातल्या काही पेशी गोलसर होतात, अस्तरापासून सुटतात आणि रक्ताच्या मूलपेशी बनतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतूनच रक्त जन्माला यावं, याचं मला आजही अपार नवल वाटतं. हे स्थित्यंतर रंक्स-१ शिवाय होत नाही. पुढेही प्लेटलेट आणि लिम्फोसाइट नीट घडायला ते लागतंच.

राऊलींनी पाहिलेल्या अदलाबदलीत या प्रथिनाचा डीएनएला चिकटणारा भाग शाबूत राहतो, पण त्याच्या शेपटाकडे परकं प्रथिन येतं. त्यामुळे चालू व्हायची जनुकं दडपली जातात आणि पेशी अपक्वच राहतात. तेवढ्यानं मात्र कर्करोग होत नाही. आणखी बिघाड साचावे लागतात.

लहान मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात हेच जनुक बाराव्या गुणसूत्रावरच्या जनुकाशी जोडलेलं अनेकदा आढळतं. हा सांधा बहुधा गर्भातच तयार होतो, हे जन्मावेळी घेतलेल्या रक्ताच्या डागांवरून कळलं. असा सांधा घेऊन जन्मलेल्या बहुतेक बाळांना पुढे ल्युकेमिया होतही नाही. हा सांधा आईवडिलांकडून आलेला नसतो, हे त्यांना कुणीतरी आवर्जून सांगायला हवं.

काही मोजक्या कुटुंबांत मात्र रंक्स-१ ची एक सदोष प्रत पिढ्यान्‌पिढ्या उतरते. प्लेटलेट कमी असतात, जखमेतून वाहणारं रक्त लवकर थांबत नाही आणि ल्युकेमियाचा धोका वाढतो. अशा घरात अस्थिमज्जा द्यायला सख्खा भाऊ पुढे आला, तर आधी त्याचंही हे जनुक तपासावं लागतं. नाहीतर तोच दोष रुग्णाच्या शरीरात पुन्हा रुजतो.