शब्द ओठांशी अडतो तेव्हा

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेत पहिलीला एक मुलगा आला. सांगितलेले सारे त्याला कळे. पण ‘पाटी’ म्हणताना एकदा ‘टापी’, एकदा ‘बाटी’, तर कधी नुसतीच ओठांची चाचपड. आम्ही त्याला हट्टी ठरविले, वर्गात उभेही केले. तो अपराध आमचा.

या विकाराला वाणीचा अप्रॅक्सिया म्हणतात. जीभ, ओठ दुबळे नसतात. ते कोणत्या क्रमाने हलवावेत, ही मेंदूची आखणी बिघडते. म्हणून चूक वेळोवेळी बदलते आणि लांब शब्दात वाढते. प्रौढांना हा विकार बहुधा मेंदूच्या डाव्या भागास पक्षाघात झाल्यावर जडतो. आजोबा एक ते दहा अंक सहज मोजतात, पण ‘पाणी’ मागताना अडतात. घरच्यांना ते ढोंग वाटते!

यावर औषध नाही. वाचोपचारतज्ज्ञ समोर बसवून, आपल्या तोंडाकडे पाहावयास लावून, तोच शब्द सावकाश पुनःपुन्हा म्हणवून घेतात. आठवड्यातून अनेकदा, थोडा थोडा वेळ. म्हैसूरला १९६५ पासून अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था आहे.

‘घरी मराठी, बाहेर हिंदी, मूल गोंधळले, मराठी बंद करा’ असा सल्ला आपल्याकडे हमखास मिळतो. दोन भाषांमुळे हा विकार होत नाही. आजीशी बोलण्याची भाषा का तोडावी?

त्या मुलाच्या आईने ती तोडली नाही. दोन वर्षांच्या उपचारानंतर तो ‘पाटी’ स्वच्छ म्हणू लागला. ‘गणपतीबाप्पा’ मात्र तुकड्यातुकड्यांनी म्हणे, आणि आम्ही थांबून ऐकत असू.