लाल यादीचा हिशेब

वडोदऱ्यातल्या मांजलपूरच्या अंगाने विश्वामित्री नदी वाहते. २६ फुटांची धोक्याची पातळी तिने ओलांडली की सोसायट्यांत मगरी शिरतात आणि त्यांचे फोटो तासाभरात गावभर फिरतात. त्याच पुरात कासवंही येतात, पण त्यांचा फोटो काढायला सहसा कुणी थांबत नाही. नळीसारखं नाक, चामड्यासारखी पाठ, हिरवट डोक्यावर तिरप्या काळ्या रेघा. गाळात अंग पुरून हे मऊ पाठीचं कासव नाकाचं टोक तेवढं वर काढतं.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल यादीत ते ‘संकटग्रस्त’ आहे. १९६४ पासून चाललेल्या याच यादीत हिंदी महासागरातल्या अल्डाब्रा बेटाचं महाकाय कासव एक पायरी खाली, ‘असुरक्षित’मध्ये. अल्डाब्रावर ती सुमारे लाखभर आहेत, थोराड नर अडीचशे किलोंपर्यंत भरतो. मग लाखभर असूनही असुरक्षित कसं?

कारण यादी नुसती डोकी मोजत नाही. या कासवाचं सगळं नैसर्गिक बिऱ्हाड एका सखल प्रवाळबेटावर. समुद्र चढला, साथ आली, तर दुसरं घर नाही. ही भीती उगाच नाही. अन्नपाण्याविना महिनोन् महिने तग धरतात म्हणून खलाशी अशी कासवं जिवंतच जहाजात भरत. मॉरिशस आणि रेयुनियनच्या, अशाच बेटापुरत्या जाती त्यात संपल्या. अल्डाब्राची वाचवा, असं मॉरिशसच्या गव्हर्नरला १८७४ साली लिहिणाऱ्यांत डार्विनही होते. त्याच जातीचा ‘अद्वैत’ कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात २००६ पर्यंत जगला.

आपल्या कासवाचा निकष वेगळा. सिंधूपासून महानदीपर्यंत पसारा मोठा, पण ओघ उतरता. दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांतला जो काळ मोठा त्यात, संख्या निम्म्याने घटली की जात ‘संकटग्रस्त’ ठरते. कासव वयात यायलाच वर्षं लागतात, तेव्हा तीन पिढ्या म्हणजे कित्येक दशकं. मांसासाठी आणि कवचाच्या मऊ कडेसाठी चोरटा व्यापार चालतो.

मात्र ही यादी जगभरच्या जातीची असते, एका नदीची नव्हे. विश्वामित्रीत किती उरलीत, हे तिच्यातून कळणार नाही. २०२५ मध्ये पूर आवरण्यासाठी नदी रुंद करायला यंत्रं काठावर उतरली, त्याआधी मगरींची रीतसर गणना झाली. कासवांचीही तशीच व्हायला हवी होती, असं माझं मत. मादी अंडी पाण्यात घालत नाही. काठाच्या मातीत खड्डा करून, पुरून, निघून जाते.