जुन्या स्पीकरचा ट्विटर : क्रॉसओव्हरचे सुटे भाग कसे निवडावेत

जबलपूरच्या अनेक मराठी घरांत फिलिप्स, सोनोडाइन किंवा कॉस्मिकच्या जुन्या लाकडी स्पीकरपेट्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. वूफर दणदणीत वाजतो, पण तंबोऱ्याचा झंकार आणि घुंगरांचा नाद हरवलेला असतो. अशा वेळी ट्विटर गेला असे धरून तो बदलला जातो. पण पुष्कळदा दोष त्याच्या आधीच्या कपॅसिटरमध्ये असतो.

आधी ट्विटर तपासा

ट्विटरची एक तार सोडवून मल्टिमीटरने रोध मोजा. ८ ओहमचा ट्विटर साधारण ५.५ ते ७ ओहम दाखवतो. एवढा रोध मिळाला, तर त्याची कॉइल तुटलेली नाही. मीटर काहीच दाखवत नसेल, तरच ट्विटर बदलण्याचा विचार करा.

कपॅसिटर काय करतो

ट्विटरची कॉइल नाजूक असते. खर्जाची ताकद तिला सोसत नाही. कपॅसिटर खालचे सूर अडवतो आणि वरचे पुढे सोडतो. सुरांची ही वाटणी करणारी जोडणी म्हणजेच क्रॉसओव्हर. एकच कपॅसिटर असलेल्या साध्या रचनेचे गणित सोपे आहे : १,५९,१५५ ला सीमेची वारंवारता (जिच्या वरचे सूर ट्विटरला मिळतात) आणि ट्विटरचे ओहम यांच्या गुणाकाराने भागा, उत्तर मायक्रोफॅरडमध्ये मिळते. ५,००० हर्ट्झ आणि ८ ओहम धरले, तर ते जवळजवळ ४ येते. तिथे १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर सीमा २,००० हर्ट्झपर्यंत घसरते आणि मोठ्या आवाजात ट्विटर जळू शकतो. ४ ओहमच्या ट्विटरला ५,००० हर्ट्झच्या सीमेसाठी जवळजवळ ८ मायक्रोफॅरड लागतात.

कपॅसिटर का बिघडतो

जुन्या पेट्यांत बहुधा नॉन-पोलर (धन-ऋण खुणा नसलेले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. त्यांच्यातला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो, आणि उष्णतेने ही क्रिया वेगाने होते. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलेल्या पेटीला याचा फटका अधिक बसतो. कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढला की ट्विटर मंद वाजतो.

नवा कोणता घ्यावा

मूल्य जुन्या कपॅसिटरवर छापलेलेच ठेवा. मीटरवर मोजलेला आकडा प्रमाण धरू नका, कारण तो वयाने सरकलेला असू शकतो.

प्रकारांत दोन पर्याय आहेत. नवा नॉन-पोलर इलेक्ट्रोलिटिक स्वस्त असतो आणि मूळ आवाजाच्या जवळ राहतो. पॉलिप्रॉपिलिन फिल्मचा कपॅसिटर महाग आणि आकाराने मोठा असतो, पण तो सुकत नाही आणि त्याचे मूल्य स्थिर राहते. ट्विटरसाठी मी फिल्मचाच घेईन, कारण ४ मायक्रोफॅरडच्या आसपास त्याची किंमत आवाक्यात असते. नेमके मूल्य मिळाले नाही, तर ३.३ आणि ०.६८ चे दोन समांतर जोडा, बेरीज ३.९८ होते. १०० व्होल्टचा कपॅसिटर पुरेसा आहे, कारण ८ ओहमवर ५० वॉट म्हणजे फक्त २० व्होल्ट. एम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधला धन-ऋण खुणांचा साधा इलेक्ट्रोलिटिक इथे चालत नाही.

आवाज टोचू लागला तर

फिल्मचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ट्विटर मूळ आवाजापेक्षा झगझगीत वाटू शकतो. काही दिवस ऐकून पाहा. तरीही कानाला खुपत असेल, तर कपॅसिटरच्या ओळीत अर्धा ते एक ओहमचा रेझिस्टर घाला. तो ५ किंवा १० वॉटचा वायरवाउंड असावा. पांढऱ्या सिमेंटच्या विटकरीसारखा दिसतो.

आवाज ६ डेसिबलने उतरवायचा असेल, तर ८ ओहमच्या ट्विटरला ४ ओहमचा रेझिस्टर ओळीत आणि ८ ओहमचा समांतर लावा. ही जोडी कपॅसिटर आणि ट्विटर यांच्यामध्ये बसवली की कपॅसिटरला समोर पूर्वीसारखेच ८ ओहम दिसतात आणि सीमा हलत नाही.

काय बदलू नये

क्रॉसओव्हरमधली तांब्याची कॉइल सहसा म्हातारी होत नाही. ती तशीच राहू द्या. काही रचनांत ट्विटरच्या तारा मुद्दाम उलट जोडलेल्या असतात. उघडण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा आणि जोडणी तशीच ठेवा. दोन्ही पेट्यांतले कपॅसिटर एकाच वेळी, एकाच प्रकारचे आणि मोजून जुळवलेले लावा. नाहीतर गायकाचा आवाज मधोमध उभा राहत नाही.

सामान कुठून आणावे

गावातल्या दुकानात फिल्मचा योग्य मूल्याचा कपॅसिटर मिळाला नाही, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून तो आणण्यासाठी तिकडून येणाऱ्या नातलगाला चिठ्ठी पाठवा. चिठ्ठीत मायक्रोफॅरड, व्होल्ट आणि प्रकार या तिन्ही गोष्टी लिहा.

पेटी घडवणाऱ्याने ट्विटर, मूल्य आणि रोध यांचा मेळ विचारपूर्वक घातलेला असतो. जुनी पेटी भंगारात देण्यापूर्वी तेवढा एक कपॅसिटर बदलून पाहा.