लेखकाचं नाव झाकून वाचलं तर...

आधीच कबूल करून टाकते. मी कॉन्व्हेंटची. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी पास होण्यापुरता विषय होता, आणि 'एकोणसत्तर' म्हणजे नक्की किती, हे मला अजूनही क्षणभर थांबून आठवावं लागतं. त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागात माझा लेख बघून काही जण हसतील. हसा! पण लेख शेवटपर्यंत वाचा, कारण यात तुमच्यापैकीच सात जणांची मतं आहेत. नावं छापणार नाही असा शब्द दिलाय, तेव्हा घाबरू नका.

तर झालं असं. थर्ड इयर सुरू झालं तेव्हा पावसाळा होता, आणि पावसाळ्यात आपल्या हॉस्टेलची लाईट कशी वागते हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. मोबाईलचं चार्जिंग वाचवायचं म्हणून माझी रूममेट रीडिंग रूमच्या कपाटातून एक जुनं पुस्तक घेऊन आली. काळ्या रेक्झिनची बांधणी, पाठीवर पांढऱ्या रंगात नुसता नंबर. मूळ कव्हर बांधणाऱ्याने काढून टाकलेलं, आणि सुरुवातीची पानं वाळवीने खाल्लेली. म्हणजे पुस्तकाला नावही नाही आणि लेखकही नाही!

मी मराठी वाचते ती बसस्टँडवरच्या पाट्या वाचाव्यात त्या स्पीडने. म्हणून ठरलं की ती टॉर्चच्या उजेडात मोठ्याने वाचणार आणि मी ऐकणार. रोज दहा-पंधरा पानं. ती सोनपेठकडची. तिच्या तोंडून पुस्तकातले मोठमोठे शास्त्रज्ञसुद्धा "काय करायलास रे" असं बोलायला लागले, आणि मला ते इतकं आवडलं की सबमिशन राहिलं तरी वाचन चुकलं नाही.

गोष्ट थोडक्यात सांगते, शेवट फोडत नाही. एका प्रयोगासाठी जमिनीत खोल खणत असताना एक प्रचंड पेटी सापडते. ती कोणत्या तरी फार पुढे गेलेल्या, पण आज मागमूस नसलेल्या संस्कृतीने ठेवलेली आहे. एक भौतिकशास्त्रज्ञ, एक कॉम्प्युटरवाला आणि एक पुरातत्त्ववाला असे तिघे मिळून त्या पेटीतल्या माहितीचा अर्थ लावत जातात. त्या ज्ञानातून एक यंत्रमानव तयार होतो. त्याचं नाव वामन. आता प्रश्न असा की, एवढं ज्ञान असलेले ते पूर्वीचे लोक गेले कुठे? आणि दुसरा प्रश्न, या वामनला स्वतःला काय हवं आहे?

अर्धं पुस्तक झाल्यावर शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरच्या मुलीने 'वामन' आणि 'रोबो' असे दोन शब्द टाकून मोबाईलवर शोधलं, आणि उत्तर आलं. 'वामन परत न आला', लेखक जयंत नारळीकर. मी उठून बसले. २० मे २०२५ ला नारळीकर सर गेले, त्यानंतर आपल्या नोटीस बोर्डावर त्यांचा फोटो लागला होता. कोल्हापूरला जन्म, केंब्रिज, फ्रेड हॉइलबरोबर मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, पुण्याची 'आयुका'... ते सगळं मी फोटोखाली वाचलं होतं. पण ज्या पुस्तकाला मी तोपर्यंत 'बरंय, पण माणसं जरा लाकडी आहेत' असं म्हणत होते, ते त्यांचं! लगेच माझ्या तोंडून निघालं, "नाही गं, तसं छानच आहे."

हे मी का म्हटलं? पुस्तकात तर एक अक्षर बदललेलं नव्हतं.

मग मी त्यांच्याबद्दल शोधून शोधून वाचायला लागले आणि एक किस्सा हाती लागला. १९७४ ची गोष्ट आहे. मराठी विज्ञान परिषद तेव्हा विज्ञानकथांची स्पर्धा घेत असे. नारळीकर तोवर जगप्रसिद्ध झालेले होते. अहमदाबादला एका परिषदेत कंटाळवाणं भाषण चालू असताना त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा लिहायला घेतली. (मागच्या बाकावर बसून गेम खेळणाऱ्यांनी नोंद घ्यावी!) पण स्पर्धेला स्वतःच्या नावाने पाठवली तर परीक्षक नाव बघूनच बक्षीस देतील, ही शंका. म्हणून त्यांनी नाव घेतलं 'नारायण विनायक जगताप'. आद्याक्षरं बघा, जयंत विष्णु नारळीकर उलटं केलंय. अक्षर ओळखू येईल म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हस्ताक्षरात उतरवून घेतली. आणि पहिलं बक्षीस जगतापांना मिळालं.

स्वतःबद्दलचं खरं मत कळावं म्हणून एवढी खटपट! आपण तर ओरलला एक्स्टर्नल कोण आहे ते आधी बघतो.

मग मी ठरवलं की आपणही असंच करायचं. पुस्तकाला खाकी कव्हर घातलं आणि सात जणांना वाचायला दिलं. मुलींच्या हॉस्टेलच्या चौघी, मुलांच्या हॉस्टेलचे दोघे आणि स्टाफपैकी एक सर. अटी दोन. मोबाईलवर शोधायचं नाही, आणि वाचून झाल्यावर जर्नलच्या कागदावर अर्धं पान मत निळ्या पेनने लिहून द्यायचं. नंतर मी लेखकाचं नाव सांगणार, आणि मत बदलायचं असेल तर त्याच कागदावर लाल पेनने बदलायचं. हा काही शास्त्रीय प्रयोग नाही. सात जणांवरून काय सिद्ध होणार? शिवाय एकीने मधेच शोधलं असावं अशी माझी दाट शंका आहे, कारण तिच्या निळ्या मतातच 'थोर' हा शब्द तीनदा होता.

मतं जमायला दोन महिने गेले, मध्ये मिड-सेम आली. मेकॅनिकलच्या एकाने लिहिलं की पेटी उघडायचा भाग त्याने पहाटे तीनपर्यंत वाचला, पण तिघा हिरोंपैकी एकाचंही नाव आठवत नाही. त्याच्या कागदावर ते 'खोदकामवाला', 'कॉम्प्युटरवाला' आणि 'तिसरा' असे आहेत. गंमत म्हणजे बाकीच्यांचंही थोडंफार असंच. सिव्हिलची एक जण सेलूची. तिने त्या तिघांना सोडून खणण्यावरच सगळं पान भरलं. तिच्या भागातल्या वालूरची जुनी बारव गावकऱ्यांनी गाळ काढून मोकळी केली. पायऱ्या एकेक करून वर यायला लागल्या तेव्हा आपल्या पायाखाली काय काय असेल असं वाटून अंगावर काटा येतो, तो काटा या पुस्तकात आहे, असं ती म्हणते. जिंतूरजवळच्या चारठाण्याची देवळं ज्यांनी बघितलीत त्यांना हे पटेल. कॉम्प्युटरच्या मुलाचं म्हणणं वेगळंच होतं. हार्डवेअरचं वर्णन जुनाट वाटतं, पण आपण बनवलेली वस्तू आपल्यापेक्षा हुशार निघाली आणि तिला स्वतःसारखी दुसरी बनवायची असली तर बटण कोणाच्या हातात, हा प्रश्न चॅटजीपीटीच्या दिवसांत जास्तच खरा झालाय, आणि लेखक कोण असेल तो असो, त्याने हे आधी कसं ओळखलं? (कादंबरी ऐंशीच्या दशकातली आहे!)

आता सर. ब्रँच सांगणार नाही. निळ्या पेनने त्यांनी लिहिलं होतं, "लेखक होतकरू दिसतो. विज्ञान पक्कं आहे, परंतु व्यक्तिरेखाटन कच्चं. वाचन वाढवावे." मी नाव सांगितलं. सरांनी कागद परत मागून घेतला, निळं सगळं आडवी रेघ मारून खोडलं आणि लाल पेनने 'द्रष्टे लेखन' असे दोनच शब्द लिहिले. मी हसले नाही, देवाशपथ! कारण मीही तेच केलं होतं, फक्त पेन न वापरता. उलटंही एक झालं. एकीला पुस्तक तुफान आवडलं होतं. नाव कळल्यावर तिने लाल पेनने लिहिलं, "मग त्यात काय, त्यांना येणारच की." म्हणजे नाव कळल्यावर एकाचं मत वर गेलं आणि एकीचं खाली आलं. बाकी पाच जण आपल्या मतावर ठाम.

इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण 'पात्रं कच्ची' ही तक्रार मराठी विज्ञानकथेबद्दल नेहमी ऐकू येते. साहसाच्या कादंबऱ्या ढोबळमानाने दोन तऱ्हांनी चालतात. एकीत माणूस आधी असतो. त्याचा स्वभाव, हट्ट, भीती यातून घटना घडत जातात. दुसरीत कल्पना आधी असते, 'असं झालं तर?' हा प्रश्न. माणसं तो प्रश्न उचलून पुढे नेण्यापुरती. नारळीकरांची परंपरा दुसरी. त्यांचे केंब्रिजचे गुरू फ्रेड हॉइल स्वतः कादंबऱ्या लिहीत. त्यांची 'द ब्लॅक क्लाऊड' १९५७ ची, तिच्यात सूर्यमालेकडे एक काळा ढग सरकत येतो आणि शास्त्रज्ञ खोलीत बसून वाद घालतात. आपल्याकडे नारळीकरांना वाचकापर्यंत विज्ञान पोचवायचं होतं आणि अंधश्रद्धेशीही भांडायचं होतं. एवढं ओझं गाडीवर लादल्यावर पात्रांना बसायला जागा थोडीच उरणार.

पण माझं मत विचाराल तर, या पुस्तकात पात्र आहे. आपण ते चुकीच्या जागी शोधतो. पात्र म्हणजे काय? ज्याला काहीतरी मनापासून हवं असतं आणि ते मिळवण्यासाठी जो काहीतरी लपवतो, तो. त्या तिघांना काय हवंय? शोध लागायला हवाय. ते तर आपल्या एचओडींनाही हवं असतं. वामनला मात्र स्वतःसारखे आणखी हवे आहेत. त्याच्यासारखा पृथ्वीवर दुसरा कोणी नाही. सातही कागदांवर नावानिशी एकच पात्र आलंय, वामन, आणि तो माणूस नाही.

हे मला सुचलेलं नाही, मेसमधल्या मावशींमुळे सुचलं. रूममेट त्यांना पोळ्या लाटता लाटता गोष्ट सांगत होती. मावशींनी विचारलं, "वामन म्हंजे बळीला पाताळात घालणारा तोच ना? मग त्याचं नाव कामून ठेवलं?" आपल्याकडे पाडव्याला बळीचं राज्य येवो म्हणून ओवाळतात. शेतकऱ्याच्या घरात बळी आपला आणि वामन परका. लहानसा बटू येतो, तीन पावलं जागा मागतो, आणि सगळं घेऊन जातो. मावशींनी पुस्तक उघडलंही नव्हतं, आणि त्या नावात काय भरलंय हे त्यांनी पोळी उलटायच्या आत सांगितलं. मी कॉन्व्हेंटमध्ये फ्रँकेन्स्टाईन वाचलेली, मला वामन म्हटलं की उंची आठवायची.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. रूममेटला मी या सात जणांत घेतलं नव्हतं, कारण तिला नाव माहीत होतं. मतं जमल्यावर मी पुस्तक पुन्हा वाचलं, या वेळी एकटीने, मनात. तीन आठवडे लागले. आणि मला ते तिघे शास्त्रज्ञ आधीपेक्षाही लाकडी वाटले. कारण पहिल्यांदा त्यांना आवाज तिचा होता! चिडणं, थट्टा, तो सोनपेठी हेल, हे छापलेल्या पानावर नव्हतंच. मी हे तिला मोठ्या उत्साहाने सांगितलं आणि लेखाचा कच्चा कागद दाखवला.

तिने वाचला आणि म्हणाली, "तू काय लिहायलीस हे? माणूस जाऊन वर्ष झालं नाही."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. एका खोलीत दोन दिवस म्हणजे किती, ते हॉस्टेलवाल्यांनाच कळेल. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःहून सांगितलं. तिच्या गावच्या शाळेत लायब्ररी म्हणजे एक लोखंडी पेटी. तिच्यात नारळीकरांचं 'अंतराळातील भस्मासूर' होतं. ते तिने सहावीत असताना चार वेळा वाचलं, आणि आपण इंजिनिअर व्हायचं असं घरी सांगितलं. घरात तोवर कोणी बारावीही झालेलं नव्हतं. "पात्रं लाकडी का कशाची, मला काय माहीत," ती म्हणाली. "मी त्या पुस्तकात होते ना." आणि मग, बऱ्याच वेळाने, "वामनचं मात्र तुझं बरोबर आहे. मी हॉस्टेलला आले तो पहिला आठवडा तसाच होता. आपल्यासारखं कोणीच नाही."

त्या पहिल्या आठवड्यात मी तिच्याशी इंग्लिशमध्ये बोलत होते. असो.

कच्चा कागद मी बदलला नाही, तिनेही बदल म्हटलं नाही. हा लेख तिने तपासून दिलाय, ऱ्हस्व-दीर्घ चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या.

लायब्ररीच्या सरांना सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "रजिस्टरमध्ये नंबर बघितला असतात तर दोन मिनिटांत नाव कळलं असतं. विचारलंतच नाही!" १९९५ साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, नारायण सुर्वे अध्यक्ष होते. सर तेव्हा स्वतः विद्यार्थी होते. तिथल्या पुस्तकांच्या गाळ्यावरून त्यांनी ही प्रत घेतली आणि पुढे नोकरी लागल्यावर लायब्ररीला दिली. पुस्तक सध्या मुलांच्या हॉस्टेलवर आहे, पाच जण नंबर लावून बसलेत. खाकी कव्हर कृपया काढू नका.

आणि आमच्या खोलीत आता वाचायची पाळी माझी आहे. मी रात्री तिला 'द ब्लॅक क्लाऊड' इंग्लिशमधून वाचून दाखवते आणि अडलं तिथे मराठीत सांगते. काल ती मधेच थांबवून म्हणाली, "ह्यातली माणसं नुसती बोलायलीत. ढगच बरा आहे."