मुंबई बंद, मग चेन्नई का नाही?

मी राहतो त्या चेन्नईत राष्ट्रीय शेअर बाजाराचं, म्हणजे एनएसईचं, राखीव केंद्र आहे. मुख्य केंद्र मुंबईत. तरीही २४ फेब्रुवारी २०२१ला सकाळी ११.४०ला थांबलेले व्यवहार दुपारी ३.४५लाच सुरू झाले. काम चेन्नईकडे वळवलंच नाही.

तुमच्या ऑफिसातही हे होऊ शकतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे सर्व्हरवर फाइलींच्या रूपात राहणारा अख्खा संगणक. म्हणून त्याची नक्कल दुसऱ्या सर्व्हरवर ठेवता येते. रेप्लिकेशनमध्ये इकडचे बदल सतत किंवा काही मिनिटांनी तिकडे जातात. पण इकडे चुकून फाइल पुसली, तर तिकडचीही जाते! म्हणून जुन्या तारखांचा बॅकअप वेगळा हवा, आणि त्याची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली.

आता सराव. फौजेत राखीव तुकडी नुसती बसवून ठेवत नाहीत, तिचीही कवायत होते. एनएसईनंही २ मार्च २०२४ला, शनिवार असूनही, खास सत्र घेऊन काम राखीव केंद्रावर नेलं. तुम्हीही एखाद्या सुट्टीला मूळ मशीन बंद करा, नक्कल चालू करा, किती वेळ लागला ते लिहून ठेवा. दोन्ही एकदम चालू करू नका. एकाच आयपी पत्त्याची दोन मशीनं नेटवर्कवर भांडतात.