औट्रम घाटातली धुई

ऑगस्टच्या अखेरीस एका मंगळवारी फजरची नमाज अदा करून आम्ही धुळ्याहून गाडी घेऊन एकटेच निघालो. एकटे जाण्याचे कारण विचाराल तर सांगण्यासारखी कारणे तीन होती. बेगमचे गुडघे दुखतात, मुलगा पुण्याला नोकरीत अडकलेला आणि लेकीची बारावीची चाचणी. चौथे कारण आम्ही कोणाला सांगितले नव्हते.

आमचे मरहूम अब्बा ट्रक चालवायचे. धुळे ते सोलापूर हा त्यांचा ठरलेला रस्ता. कधी कापसाच्या गाठी, कधी सरकी, कधी कांदा. चाळीसगाव सोडले की कन्नडचा घाट लागायचा आणि तो नेमका रात्रीच चढावा लागायचा, कारण दिवसा माल भरण्यात वेळ जायचा. आम्ही लहानपणी विचारायचो, "अब्बा, जंगल कसे असते हो?" ते म्हणायचे, "बेटा, घाटात समोरच्या गाडीचा उजेड दिसतो, झाड दिसत नाही. गाडी सोडली की एक दिवस तुला दिवसाउजेडी नेईन." गाडी सोडल्यावर त्यांना फार दिवस मिळाले नाहीत. तेव्हा पावसाळ्यात, दिवसाउजेडी तो घाट एकदा पाहायचा, एवढेच आमच्या मनात होते.

आपल्या खानदेशात राष्ट्रीय उद्यान नाही. महाराष्ट्रात अशी सहा आहेत: ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानात गुरे चारायलाही बंदी असते. अभयारण्यात आसपासच्या गावांना काही मुभा राहू शकते. आपल्याकडे आहेत ती अभयारण्ये. सातपुड्यात पालजवळचे यावल, शिरपूर तालुक्यातले अनेर आणि चाळीसगावच्या डोक्यावर बसलेले गौताळा औट्रमघाट. हे शेवटचे 1986 साली जाहीर झाले. सुमारे 260 चौरस किलोमीटरचे हे जंगल जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर अशा दोन जिल्ह्यांत पसरले आहे. ज्यांना पावसाळ्यात डोंगर, जंगल आणि धुके एकाच ठिकाणी हवे, त्यांनी फार लांब जाण्याची गरज नाही.

नावातला औट्रम म्हणजे जेम्स औट्रम हा इंग्रज अधिकारी. 1825 च्या सुमारास त्याने खानदेशात भिल्लांची पलटण उभी केली आणि धरणगावला तिचे ठाणे ठेवले. पुढे तो मोठा सेनापती झाला. आपल्या लोकांनी मात्र त्याचे नाव घाटापुरते ठेवले आणि तेही हळूहळू 'कन्नड घाट' म्हणत सोडून दिले.

धुळे ते चाळीसगाव साधारण 55 किलोमीटर. पाऊस भुरभुर होता. दोन्ही बाजूंना कपाशी फुलावर आलेली, बाजरीची कणसे भरत आलेली. मेहुणबाऱ्याला गिरणेच्या पुलावर गाडी बाजूला घेऊन उतरलो. नदी गढूळ, दोन्ही काठ भरून. उन्हाळ्यात याच पुलावरून नुसती वाळू दिसते.

चाळीसगावात चहाला थांबलो. या गावाची आणि पाण्याची ओळख फार जवळची आहे. 2021 च्या ऑगस्टमध्ये, 30 तारखेच्या रात्रीपासून 31 च्या सकाळपर्यंत, डोंगरावर असा पाऊस कोसळला की तितूर आणि डोंगरी या दोन्ही नद्या गावात शिरल्या. दुकाने बुडाली, खेड्यापाड्यांतली शेकडो गुरे वाहून गेली. त्याच रात्री कन्नड घाटात दरडी पडल्या, गाड्या अडकल्या आणि रस्ता बंद झाला. पुढे 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशाने घाटातून अवजड वाहनांना बंदी झाली. अब्बा आज असते तर त्यांना त्यांच्याच रस्त्याने ट्रक नेता आला नसता. बोगद्याची चर्चा मात्र आम्ही कित्येक वर्षे ऐकत आहोत.

आता कबुली द्यावी लागेल. घरी आम्ही सांगितले होते, "पाटणादेवीपर्यंत जातो आणि असरच्या आत परततो." पाटणादेवी डोंगराच्या पायथ्याशी आहे, रस्ता सरळ आहे. घाट चढून वर गौताळ्यापर्यंत जाण्याचा बेत आम्ही पोटातच ठेवला होता. निघताना अम्मीने आठवण दिली होती की एकट्याने रात्री सफर करण्याबाबत हदीसमध्ये सावध केले आहे. आम्ही म्हणालो, "रात्र कुठे, दिवसाच तर आहे." उत्तर बरोबर होते, पण अर्धेच होते. आमच्या हनफी हिशेबात साधारण 77-78 किलोमीटरच्या पुढे जायचे असेल तर माणूस मुसाफिर ठरतो आणि नमाज कसर होते. म्हणजे बेगमला सांगितलेल्या बेतानुसार आम्ही मुकीम होतो आणि मनातल्या बेतानुसार मुसाफिर!

घाटाच्या पायथ्याशी एका आजोबांकडे मक्याचे भाजलेले कणीस घेतले. त्यांनी गाडीत डोकावून पाहिले, दुसरे कोणी दिसले नाही. म्हणाले, "वर धुई शे, भाऊ." आम्ही हसून पैसे दिले. शहरात राहिलेल्या माणसाला धुई म्हटले की फोटो आठवतो.

पहिली काही वळणे खरोखर सुंदर होती. साग, सालई, पळस, सगळे धुऊन निघालेले. कड्यांवरून बारीक बारीक ओहोळ रस्त्यावर उतरत होते. कठड्यावर माकडे अंग आखडून बसलेली. आम्ही काच खाली केली. ओल्या मातीचा आणि कुजत्या पानांचा वास आत आला. अब्बांच्या केबिनमध्ये या वासाऐवजी डिझेलचा वास असणार, असे वाटून गेले.

मग एका वळणानंतर समोरचे काहीच दिसेना. हे हळूहळू झाले नाही. ढगच रस्त्यावर बसला होता. वायपर चालू, तरी काचेला आतून वाफ धरलेली. हेडलाइट मोठा केला तर उजेड उलटा डोळ्यांवर येई. मग लक्षात आले की धुक्यात दिवा खालीच ठेवायचा. दुसऱ्या गिअरमध्ये, हॉर्न देत, रस्त्याची पांढरी पट्टी पाहत गाडी सरकत होती. डाव्या बाजूला कुठेतरी खडखड असा आवाज झाला आणि दोन-तीन दगड रस्त्यावरून घरंगळत गेले. मोठे नव्हते. नारळाएवढे असतील. गाडी थांबवली आणि फोन काढला. रेंज नव्हती.

त्या क्षणी भीती वाटली ती दगडांची नव्हती. आपण इथे आहोत हे जगात एकाही माणसाला ठाऊक नाही, या विचाराची होती. काही झाले असते तर घरचे लोक आम्हाला पाटणादेवीला शोधत बसले असते. आपण तरुणपणी 'एकटे जाण्यात मजा आहे' असे म्हणतो. मजा आहेही. गाडी हवी तिथे थांबवता येते, कोणाशी बोलावे लागत नाही, मनातले मनात चालते. पण एकटे जाणे आणि न सांगता जाणे यांत आम्ही फरक केला नव्हता.

सफरची दुआ पुन्हा पुटपुटलो. रुंद जागा मिळेपर्यंत थोडे पुढे गेलो, उतरून मागेपुढे पाहिले, गाडी वळवली आणि खाली आलो. वरचे गौताळा तळे, हिवरखेड्याचे फाटक, सगळे राहिले. पायथ्याला रेंज आली तेव्हा बेगमचे सात मिस्ड कॉल होते. चाळीसगावच्या एका ओळखीच्या माणसाने आमची गाडी घाटाकडे वळताना पाहिली होती आणि सहज म्हणून फोनवर घरी सांगितले होते!

बेगम रागावली नाही, त्यापेक्षा वाईट झाले. ती शांतपणे म्हणाली, "तुमचे अब्बा प्रत्येक वेळी चाळीसगावच्या एसटीडी बूथवरून शेजारच्या किराणा दुकानात फोन करायचे. 'चढतोय' एवढेच सांगायचे. मी नवी नवरी होते, निरोप घ्यायला मीच धावायचे. सकाळी वरून दुसरा फोन आला की अम्मी चहा प्यायच्या."

आम्हाला हे माहीत नव्हते. आम्ही तेव्हा झोपलेले असायचो.

परत फिरायचे ठरताच आमची मुसाफिरी संपली होती. चाळीसगावच्या मशिदीत पोहोचलो तेव्हा जोहरची जमात होऊन गेली होती. चार रकात पूर्ण अदा केल्या. मग घरी फोन करून, या वेळी खरे सांगून, पाटणादेवीकडे वळलो.

पाटणादेवी म्हटले की लोक चंडिकेचे मंदिर आणि धबधबे एवढेच सांगतात. याच पाटण गावात 1207 सालचा एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, ही हकिकत त्यात कोरलेली आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी या पावसाळी डोंगराखाली मुले गणित शिकत होती.

पुढचा दुवा आपल्या घरांत फारसा सांगितला जात नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चा फारसी अनुवाद अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने 1587 मध्ये केला. लीलावती ही भास्कराचार्यांची लेक, तिच्या लग्नाच्या मुहूर्तासाठी मांडलेल्या घटिकापात्रात मोती पडून भोक बुजले, मुहूर्त टळला आणि बापाने तिच्या नावाने ग्रंथ लिहिला, ही गोष्ट आज आपल्याला माहीत आहे ती फैजीमुळेच. इतिहासकार तिला दंतकथा मानतात. चार वर्षांनी, 1591 मध्ये, फैजी अकबराचा वकील म्हणून खानदेशात, राजा अली खान फारुकी याच्याकडे आला होता. आपण ज्याचे पुस्तक फारसीत आणले त्याच्या नातवाचा मठ याच मुलुखातल्या एका डोंगराखाली होता, हे त्याला कोणी सांगितले असते तर तो नक्की वाकडी वाट करून आला असता, असे आमचे मत. रात्री लेकीला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मुहूर्त टळला आणि गणित मिळाले, मग वाईट काय झाले?"

वन विभागाच्या नाक्यावर नाव आणि गाडीचा नंबर लिहिला. केदारकुंडाच्या वाटेवर पाणी वाढलेले, तेव्हा तिकडे जाऊ नका असे तिथल्या माणसाने सांगितले. सकाळच्या धड्यानंतर आम्ही वाद घातला नाही. झाडाखालच्या दगडावर बसून वर पाहिले. ज्या धुक्यात आपण सकाळी चाचपडत होतो ते इथून दुपट्ट्यासारखे कड्यावर पडलेले दिसत होते. त्याच कड्यांत कुठेतरी पितळखोऱ्याची दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. मोर ओरडत होते, दिसला एकही नाही.

याच जंगलात मार्च 2021 मध्ये एक वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला, जेमतेम तीन वर्षांचा नर. शेते, नाले, रस्ते ओलांडत तो साधारण 2000 किलोमीटर चालला असावा, असा अंदाज तेव्हा वर्तमानपत्रांत आला. कित्येक दशकांनंतर गौताळ्यात वाघ आला होता. आमची 55 किलोमीटरची एकट्याची सफर त्याच्यापुढे काय सांगावी!

परतताना चाळीसगाव स्टेशनजवळचे के. की. मूस यांचे घर बाहेरून पाहिले. 1912 साली जन्मलेले हे पारशी छायाचित्रकार जवळपास पन्नास वर्षे घराबाहेर पडले नाहीत आणि त्या चार भिंतींत बसून त्यांनी जगभर वाखाणलेली छायाचित्रे काढली. आत जायला वेळ नव्हता. असरच्या आत पोहोचण्याचा वायदा होता, पोहोचलो मगरिबला, पण वाटेत दोन वेळा फोन करून.

घरी अम्मी जपमाळ घेऊन बसल्या होत्या. आम्ही त्यांच्या पायाशी बसून सगळे सांगितले: धुई, दगड, माकडे, सालईची झाडे. शेवटी म्हणालो, "अब्बांनी आयुष्यभर तो घाट चढला, पण जंगल काही पाहिले नाही."

अम्मीने माळ थांबवली. "कोण म्हणाले? एकदा गाडीचा पाटा तुटला होता. क्लीनरला सामान आणायला खाली पाठवले आणि हे दोन दिवस घाटात बसून राहिले. दिवसाउजेडी. घरी आले ते गमछ्यात सीताफळे बांधून."

"मग आम्हाला कधी बोलले नाहीत ते?"

"तू तेव्हा आजारी होतास. हॉस्पिटलातून फोनवर निरोप गेला होता, आणि गाडी सोडून येता येत नव्हते. सीताफळे त्यांनी तुझ्या उशाशी ठेवली. त्यानंतर त्या दोन दिवसांबद्दल ते माझ्याशीही बोलले नाहीत."

बेगम चहा घेऊन आली. लेकीने विचारले की पाऊस संपल्यावर, नोव्हेंबरात, तिला नेणार का. वर अंतूर किल्ल्याजवळ निजामशाही काळातला एक दगडी खांब आहे, त्यावर फारसीत चारी वाटांच्या गावांची नावे कोरली आहेत, हे तिने कुठेतरी वाचले होते. आम्ही हो म्हणालो. अम्मी म्हणाल्या, "मग सीताफळांच्या दिवसांतच जा. आणि चढायच्या आधी फोन करा."