गाडी बंद पडते, पण केव्हा?

चालती गाडी अचानक बंद पडली, की आपण बॉनेट उघडून आत बघत उभे राहतो. तारा दिसतात, नळ्या दिसतात. दोष मात्र दिसत नाही. मग गॅरेज गाठून सांगतो, ‘‘मध्येच बंद पडते हो!’’ एवढ्या एका वाक्यावर मिस्त्री तरी काय करणार? तो आधी प्लग बदलतो, मग फिल्टर, मग पेट्रोलचा पंप. बिल वाढत जाते आणि आठ दिवसांनी गाडी सिग्नलला पुन्हा मान टाकते.

श्रोतेहो, अशा वेळी गाडी बंद पडते यापेक्षा ती केव्हा बंद पडते, हे अधिक महत्त्वाचे असते. नुसता ‘ताप आहे’ म्हटल्यावर डॉक्टर औषध देत नाहीत. रोज संध्याकाळी येतो का, थंडी वाजून येतो का, असे विचारतात. गाडीचेही तसेच आहे.

पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : योग्य प्रमाणात हवा आणि इंधन, वेळेवर पडणारी ठिणगी आणि ते मिश्रण नीट दाबणारे सिलिंडर. एक किलो पेट्रोल जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. इथेनॉल मिसळलेले असेल तर थोडी कमी. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा हे प्रमाण कार्ब्युरेटर सांभाळत असे आणि मिस्त्री स्क्रू फिरवून ते जुळवत असे. आता हे काम इंजिनाचा संगणक सेन्सरच्या मदतीने करतो. तरीही लक्षणांवरून बरेच काही कळते.

गाडी सिग्नलला थांबल्यावर किंवा एसी लावताच बंद पडते, पण रेस दिली की चालते, असे असेल तर दोष बहुधा हवेच्या वाटेत असतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते. तेव्हा आत जाणारी हवा अगदी थोडी असते. थ्रॉटल बॉडीत काजळी साचली किंवा एखादी रबरी नळी चिरून बाहेरची हवा आत शिरू लागली, की हे प्रमाण बिघडते. पुष्कळदा नुसत्या साफसफाईने किंवा एक नळी बदलून काम भागते.

घाट चढताना किंवा ओव्हरटेक करताना गाडी झटके मारून बंद पडत असेल, तर इंजिनाला पेट्रोल पुरत नाही, हा पहिला संशय. फिल्टर तुंबलेला असेल, नाहीतर पंप थकलेला असेल. मात्र पंप बदलण्यापूर्वी गेज लावून पेट्रोलचा दाब मोजायला सांगा. हा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. म्हणून सीएनजीवर चालणाऱ्या गाडीतही पेट्रोलची टाकी कोरडी ठेवू नये.

तिसरा प्रकार मोठा फसवा. इंजिन चांगले तापले, की स्विच बंद करावा तशी गाडी एकदम थांबते आणि अर्ध्या तासाने निमूट चालू होते. येथे क्रँक सेन्सर किंवा इग्निशन कॉइलवर संशय घ्यावा. क्रँक कोठवर फिरला, हे सेन्सरने सांगितले नाही तर संगणक ठिणगी देत नाही आणि पेट्रोलही सोडत नाही. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत तो थंड होतो आणि सगळे ठीक दिसते. म्हणून अशी गाडी तापलेली असतानाच तपासली पाहिजे.

बंद पडताना दिवे आणि मीटरही मिणमिणत असतील, तर आधी बॅटरीचे टर्मिनल आणि अर्थची तार बघा. त्या घट्ट करायला खर्च येत नाही. पेट्रोल भरल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला, तर पेट्रोलमध्ये पाणी असू शकते. इथेनॉल थोडे पाणी सामावून घेते. पण ते जास्त झाले, की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि पंप तेच ओढतो. अशा वेळी टाकी रिकामी करावी लागते.

गाडी पेट्रोल आणि सीएनजी दोन्हींवर चालणारी असेल, तर एक सोपी परीक्षा आहे. सीएनजीवर बंद पडते आणि पेट्रोलवर चालते, तर दोष गॅसच्या बाजूला. दोन्हींवर बंद पडते, तर ठिणगी, सेन्सर किंवा हवा तपासावी. स्कॅनर लावून मिळणारा कोडही उपयोगी असतो. पण तो दोषाची जागा सुचवतो, बदलायचा भाग सांगत नाही. सेन्सर बदलण्याआधी त्याची तार आणि कनेक्टर बघायलाच हवेत.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट. धावत्या गाडीचे इंजिन बंद पडले, की स्टिअरिंग जड होऊ शकते. ब्रेकला मिळणारी मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते. त्यानंतर पेडल दगडासारखे लागते, पण ब्रेक गेलेला नसतो. पुन्हापुन्हा पंप न करता जोर लावून दाबून ठेवा. किल्ली काढू नका, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. धोक्याचे दिवे लावून गाडी कडेला घ्या. आणि साचलेल्या पाण्यात बंद पडली असेल, तर सेल्फ मुळीच मारू नका. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडीत एक छोटी वही ठेवा. बंद पडली, की लिहा : इंजिन थंड होते की गरम, वेग किती, एसी चालू होता का, टाकीत किती पेट्रोल होते, पुन्हा किती वेळाने चालू झाली. अशा तीन-चार नोंदी झाल्या, की ती वही मिस्त्रीच्या हातात द्या. निम्मे निदान तिथेच झालेले असेल.